भिंतीवरील नाद : प्रस्तावना

ज्या घरात माझे बालपण गेले, त्याच्या ओसरीवर, घड्याळाच्या डाव्या हातास, सरस्वतीची एक तसबीर टांगलेली होती. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईस काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेलेला जो शिळाछापखाना, तेथल्या छापाची ती आहे असे आमच्या घरात परंपरेने मानले जाई. कागदाच्या कडा पिवळसर पडल्या होत्या, काचेच्या आत शिरलेल्या कसरीने मोराच्या पिसाऱ्याचा काही भाग आपल्या वहिवाटीखाली आणला होता, परंतु देवीच्या हातांतील वीणेस मात्र काळाने अथवा कीटकाने अद्याप उपद्रव दिला नव्हता. ‘‘ही कोणता राग वाजवते?’’ असे मी एकदा आजोबांना विचारले. आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कोणत्याही प्रश्नास दफ्तरी रिवाजाप्रमाणे चौकशी करून मगच उत्तर द्यावे असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर चढून तसबिरीची बारकाईने तपासणी केली, आणि खाली उतरून सांगितले, ‘‘बोटे नेमकी कोणत्या पडद्यावर आहेत ते दिसत नाही. सबब सांगता येत नाही.’’

या उत्तरात विनोदाचा हेतू लवमात्र नव्हता, आणि म्हणूनच ते माझ्या स्मरणात राहिले असावे. चित्रकाराने वाद्य दाखविले, वादिका दाखविली, तिच्या वस्त्राची घडी आणि पाठीमागचे पाणीही दाखविले. परंतु ज्याच्यासाठी हा सारा सरंजाम मांडला तो नाद चित्राबाहेरच राहिला, आणि तो आत कसा आणावा याची तजवीज त्या जातीच्या चित्रकलेत नव्हती. ती उणीव होती असे मी म्हणत नाही. देवतेच्या तसबिरीकडून पूजेची अपेक्षा असते, मैफलीची नव्हे.

आज माझ्या राहत्या घरात, बैठकीच्या खोलीत, त्याच उंचीवर एक निराळे छापचित्र आहे. त्यात वीणा नाही आणि बोटेही नाहीत. चित्राचा बराचसा भाग एका प्रचंड, जवळजवळ उद्धट म्हणावा अशा पिवळ्या रंगाने व्यापलेला आहे. त्या पिवळ्याच्या माथ्यावर एक काळा आकार बसलेला आहे, दोन उभे पांढरे पट्टे मध्येच थबकल्यासारखे उभे आहेत, आणि पिवळ्याच्या काठाशी लहानमोठे रंगीत ठिपके एकमेकांना खेटून, काहीतरी ऐकण्यासाठी पुढे झुकल्यासारखे, दाटी करून बसले आहेत. घरी येणारा पाहुणा चहाचा पेला हाती घेतो, भिंतीकडे पाहतो, आणि शिष्टाचारास बाध येणार नाही इतका वेळ थांबून विचारतो, ‘‘हे काय आहे?’’ या पुस्तकाचा प्रपंच त्या प्रश्नापायी झाला. संगीतापासून स्फुरलेली अमूर्त चित्रे, त्यांचे छाप, आणि ते छाप राहत्या घरात लावण्याचा व्यवहार असा त्याचा विषय आहे. प्रकाशकांनी प्रस्तावनेसाठी दोन पृष्ठे राखून ठेवली होती, ती पुरली नाहीत.

पाहुण्याला द्यावयाचे उत्तर तसे सोपे आहे. हे एका मैफलीचे चित्र आहे. ती मैफल 1911 च्या जानेवारीच्या आरंभी जर्मनीतील म्युनिक शहरी झाली, व्हिएन्नाचा संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग याच्या रचना तीत वाजविण्यात आल्या, आणि श्रोत्यांत वासिली कँडिन्स्की नावाचा एक रशियन चित्रकार आपल्या मित्रमंडळींसह बसला होता. शोनबर्गच्या संगीताविषयी त्या काळच्या सभ्य श्रोत्यांचे मत कसे होते याचा दाखला व्हिएन्नात दोन वर्षांपूर्वी मिळाला होता : चार तंतुवाद्यांसाठी त्याने रचलेली दुसरी चौकडी 1908 मध्ये प्रथम सादर झाली तेव्हा सभागृहात हशा आणि आरडाओरडा यांनी वाद्यांवर मात केली. आपल्याकडे ज्यास आधारस्वर म्हणतात, ज्याच्यापासून निघावयाचे आणि ज्याच्याकडे परतावयाचे, त्या ठिकाणाला युरोपीय संगीतात जे स्थान होते ते या रचनेच्या अखेरच्या भागात शोनबर्गने जवळजवळ काढून घेतले होते. तंबोरा बंद करून गवयाला गावयास सांगावे तसा तो प्रकार होता, आणि श्रोते बिथरले यात नवल नाही. हीच चौकडी म्युनिकला वाजली, आणि पियानोसाठी लिहिलेल्या तीन लहान रचनाही वाजल्या. बाकीच्यांना जेथे आधार सुटल्याची भीती वाटली तेथे कँडिन्स्कीला सुटकेचा आनंद झाला. काही दिवसांतच त्याने या परक्या माणसास पत्र लिहिले. त्याचे तात्पर्य असे की, मी चित्रकलेत जे शोधतो आहे ते तुमच्या रचनांतील स्वतंत्र स्वरपंक्ती, आपआपल्या दैवाच्या वाटेने जाताना, आधीच करीत आहेत. त्या पत्रातून एक दीर्घ स्नेह सुरू झाला. त्या पत्राच्या आधीच रंगांत उतरलेले चित्र ‘इम्प्रेशन तिसरे’ म्हणून ओळखले जाते, आणि कंसात त्याला ‘मैफल’ असे साधे उपपद आहे.

एवढे सांगितल्यावर पाहुणा निवांत होतो, आणि नेमके तेथेच मला अवघडल्यासारखे होते. कारण आता तो काळ्या आकारात पियानो शोधू लागतो, आणि तो त्याला सापडतोही. कँडिन्स्कीने या चित्राआधी केलेली रेखाटने उपलब्ध आहेत. त्यांत झाकण उघडलेला मोठा पियानो आहे, त्याच्याकडे झुकलेली माणसे आहेत, दिवाणखान्याचे खांब आहेत. म्हणजे काळा आकार हा पियानो, पांढरे पट्टे हे खांब, ठिपके हे श्रोते. दफ्तरातील जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशी मेळ घालावा तसा हा मेळ बसतो. परंतु पिवळ्याचे काय? रेखाटनांत तो नाही, दिवाणखान्यातही नव्हता. झाकण, खांब आणि माणसे यांचा हिशेब चुकता झाल्यावर जो शिल्लक उरतो आणि ज्याने निम्मे चित्र गिळले आहे, तो पिवळा म्हणजे त्या रात्री ऐकू आलेली गोष्ट. वस्तू हळूहळू मागे हटत आहेत आणि नाद पुढे येत आहे असा तो क्षण आहे. हे चित्र पूर्णपणे अमूर्त नाही, उंबरठ्यावर उभे आहे, आणि माझ्या मते घरात पहिल्यांदाच अमूर्त चित्र लावणाऱ्याने अशाच उंबरठ्यावरच्या चित्रापासून आरंभ करावा.

कँडिन्स्की मूळचा चित्रकार नव्हता, ही गोष्ट आपल्याकडील पदवीधर वाचकास दिलासा देणारी आहे. 1866 मध्ये मॉस्कोस जन्मलेल्या कँडिन्स्कीने कायदा आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षण घेतले होते, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला दोर्पात येथील विद्यापीठात अध्यापकाची जागा देऊ करण्यात आली होती. ती नाकारून तो 1896 मध्ये म्युनिकला चित्रकलेचे प्राथमिक धडे गिरवावयास गेला. त्याला चेलो वाजविता येत असे. मॉस्कोच्या नाट्यगृहात वाग्नरचे ‘लोहेनग्रीन’ हे संगीतनाटक ऐकत असताना आपल्याला डोळ्यांपुढे रंग दिसले, असे त्याने पुढे आठवणींत नमूद केले आहे. आणि 1911 च्या अखेरीस बाहेर पडलेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या आपल्या पुस्तकात तर त्याने रंग आणि वाद्ये यांची एक सारणीच मांडली. फिकट निळा म्हणजे बासरी, गडद निळा म्हणजे चेलो, त्याहून गडद तो डबल बास, आणि सर्वांत खोल तो ऑर्गन. पिवळा म्हणजे कर्कश चढत जाणारी तुतारी. शांत हिरवा म्हणजे व्हायोलिनचे मध्यम स्वर. पांढरा म्हणजे अजून काही घडावयाचे आहे अशी शांतता, आणि काळा म्हणजे सर्व घडून गेल्यानंतरची.

आता या सारणीविषयी माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण संगीतप्रेरित चित्रे विकणारे लोक आजही तिचा आधार घेऊन ग्राहकास भुलवितात. ती खरी नाही. म्हणजे कँडिन्स्कीपुरती ती खरी असेल, त्याच्या कानाची आणि डोळ्याची ती सनद आहे. परंतु दुसऱ्या कोणावर तिचा अंमल चालत नाही. त्याच्याच देशातले दोन थोर संगीतकार, स्क्रियाबिन आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह, दोघांनाही स्वरांबरोबर रंग दिसत असत, आणि तरीही ज्यास पाश्चात्य संगीतात सी मेजर म्हणतात तो एकाला तांबडा दिसे आणि दुसऱ्याला पांढरा. इतक्या दूर जावयाचेही कारण नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव, ज्याने सिंघण राजाच्या काळात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यानेही सात स्वरांना सात वर्ण वाटून दिले आहेत : षड्ज कमळाच्या रंगाचा, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, धैवत पिवळा, निषाद चित्रविचित्र, आणि पंचम काळा. कँडिन्स्कीला ज्या काळ्यात संगीत संपल्याचा भास झाला, तोच काळा शार्ङ्गदेवाने तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर अखंड वाजणाऱ्या पंचमास दिला! शार्ङ्गदेव हा यादवांच्या राज्यात हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता, तेव्हा खतावणीतील रकाने बिनचूक भरण्याची त्याला सवय असणार. पण जमेच्या बाजूचा रंग म्युनिकला खर्चाच्या बाजूस पडावा, यावरून हा व्यवहार हिशेबाचा नाही इतके तरी सिद्ध होते.

मग नादाचा चित्राशी संबंध कोणत्या वाटेने येतो? आपल्या देशात याचे एक उत्तर फार जुने आहे, ते रागमालेचे. दख्खनेत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि राजस्थानात व पहाडी मुलखात त्यानंतर दीर्घकाळ, प्रत्येक रागाला एक देह आणि एक प्रसंग देण्यात आला : तोडी ही रानात वीणा घेऊन उभी असलेली, भोवती हरणे गोळा झालेली विरहिणी, हिंदोल म्हणजे झोपाळ्यावरचा नायक, भैरवी म्हणजे शिवपूजेस बसलेली स्त्री. ही चित्रे इतकी रमणीय आहेत की त्यांच्याविषयी तक्रार करणे हा रसिकतेचा गुन्हा ठरावा. तथापि खरे बोलावयाचे तर तोडीचे चित्र पाहून कोमल ऋषभाचा पत्ता लागत नाही. चित्रकाराने रागाचे ध्यान रंगविले, रागाची चाल नव्हे. ओसरीवरच्या सरस्वतीपाशी जी अडचण मला बालपणी आली, तीच येथे अधिक सुंदर वेषात उभी आहे.

चालीपर्यंत पोहोचला तो पॉल क्ले, आणि या पुस्तकात त्याला सर्वाधिक जागा दिली आहे याचे कारण हेच आहे. 1879 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या क्लेचा बाप संगीताचा शिक्षक, आई गायिका आणि पत्नी पियानोवादिका. तो स्वतः बालवयातच बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला होता, आणि चित्रकार म्हणून कीर्ती झाल्यावरही त्याने ते वाद्य सोडले नाही. ज्याच्या घरात उठता-बसता संगीत असते त्याला संगीताविषयी गूढ बोलण्याची हौस उरत नाही. क्लेने सारणी मांडली नाही, रचना उचलली. 1921 चे त्याचे ‘तांबड्यातील फ्यूग’ हे लहानसे जलरंगचित्र पाहावे. फ्यूग म्हणजे एका पंक्तीने एक विषय मांडावयाचा, तो पुरता होण्याआधीच दुसरीने तोच विषय वेगळ्या उंचीवरून उचलावयाचा, मग तिसरीने, आणि तरीही प्रत्येकीने आपली वाट सोडावयाची नाही. आपल्याकडील जुगलबंदीची त्यावरून आठवण होईल, परंतु जुगलबंदीत कलावंतांस जी मुभा असते ती येथे नाही. क्लेच्या चित्रात काळसर पार्श्वभूमीवर एखाद्या भांड्यासारखा, एखाद्या पानासारखा, असे चार-दोन साधे आकार आहेत, आणि प्रत्येक आकार अंधारातून उजेडाकडे सरकताना आपल्याच आवृत्त्या मागे ठेवीत जातो, ज्या आधीच्या आवृत्तीवर चढतात, तरी तिला झाकून टाकीत नाहीत. येथे कोणता रंग कोणते वाद्य असे विचारण्याची गरजच पडत नाही. डोळा डावीकडून निघतो आणि उजवीकडे पोहोचेपर्यंत त्याला वेळ लागतो. चित्राने आपल्यापासून वेळ घेतला, आणि वेळ ही तर संगीताची मालमत्ता.

मोंद्रियानविषयी पुढे सविस्तर प्रकरण आहे, म्हणून येथे एवढेच की दीर्घकाळ काळ्या रेघांच्या चौकटीत राहिलेला हा हॉलंडचा विरक्त मनुष्य, महायुद्धामुळे 1940 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथील बूगी-वूगी संगीताच्या नादी लागून सत्तरीत काळ्या रेघा टाकून देता झाला. 1943 मध्ये पुरे झालेले त्याचे ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ पाहताना तबल्याच्या द्रुत लयीचा कायदा आठवणे हा माझा वैयक्तिक दोष असेल. तो मला मान्य आहे.

इतके झाल्यावर मराठी वाचकाशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. ‘‘आम्हांला अमूर्त चित्र कळत नाही’’ ही कैफियत मी इतक्या सुशिक्षित मुखांतून ऐकली आहे की ती आता एक प्रकारची कुलीनतेची खूण झाली आहे. परंतु हेच गृहस्थ भल्या पहाटे उठून सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात पांघरूण घेऊन बसत असत, आणि गवयाने तासभर आकारात विलंबित आलापी केली तरी ‘‘याचा अर्थ काय?’’ असे शेजाऱ्यास विचारण्याचे धैर्य कोणी केले नाही. तराण्याच्या बोलांत फारसीतील गूढ अर्थ आहे असे उस्ताद अमीर खाँ यांचे म्हणणे होते, आणि असेलही. पण तराणा ऐकताना डोलणारी मान त्या अर्थाच्या खुलाशासाठी खोळंबून राहत नाही. ज्या समाजाने शब्द जवळजवळ बाजूस ठेवून केवळ स्वरांच्या येण्याजाण्यावर इतक्या पिढ्या आपली संध्याकाळ वाहिली, त्याने पिवळ्या रंगापुढे ‘‘हे काय आहे?’’ असे म्हणावे, हे मला अज्ञानापेक्षा विस्मरण वाटते. कानाला जी सवलत आपण बिनतक्रार देतो ती डोळ्याला द्यावयाची आहे, याहून अधिक पूर्वतयारी या पुस्तकास लागत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, ती छापाविषयीची. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात. कँडिन्स्कीची जुनी सहचारिणी गाब्रिएले म्युन्टर हिने नाझी अमदानीत त्याची कितीतरी चित्रे मुर्नाऊ गावच्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवली आणि 1957 मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्या शहराच्या स्वाधीन केली, त्या ठेव्यातलेच हे एक. मूळ चित्र सुमारे 78 सेंटिमीटर उंच व 100 सेंटिमीटर रुंद, आणि माझ्या भिंतीवरचा कागद त्याच्या निम्म्याहूनही लहान. मग मी काय पाहतो? चित्र, की चित्राची नक्कल? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीतला एक वाद आठवावा. 1902 मध्ये गायस्बर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यास गायिका गोहरजानचे गाणे मुद्रित केले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रागसंगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंडले जाऊ लागले. जाणत्यांनी नाके मुरडली, बड्या बड्या गवयांनी त्या यंत्रापुढे बसावयाचे नाकारले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी मिरजेस राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर, ते 1937 मध्ये गेल्यानंतर, ज्यांना मैफलीचे आमंत्रण येण्याचा संभव नव्हता अशा शेकडो घरांतून याच तबकडीने पोहोचविला. तबकडी म्हणजे मैफल नव्हे हे त्या घरांतल्या पोरांनाही कळत होते. तिच्यावर ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला, एवढे मात्र खरे.

शिवाय सर्वच छाप ही नक्कल नसते. या भेदाकडे आपल्याकडील ग्राहकाचे फार दुर्लक्ष होते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कँडिन्स्कीने 1912 मध्ये म्युनिकच्या पीपर या प्रकाशकाकडून एक पुस्तक काढले, त्याचे नावच ‘नाद’ अशा अर्थाचे आहे. त्यात 38 गद्यकाव्ये आणि लाकडी ठशांवरून छापलेली 56 चित्रे आहेत, पैकी 12 रंगीत. पुस्तकाच्या 300 प्रती निघाल्या आणि त्यांवर त्याने सह्या केल्या. या चित्रांची ‘मूळ प्रत’ म्हणून दाखविता येईल अशी कॅनव्हासवरची वस्तू नाही. लाकूड कोरले ते छापण्यासाठीच, आणि प्रत्येक कागद तितकाच अस्सल. आरंभीच्या ठशांत घोडेस्वार, टेकडी, घुमट असे ओळखू येते, आणि नंतरच्या ठशांत तेच आकार विरघळत जाऊन काळ्या-पांढऱ्याचे केवळ आघात आणि विराम उरतात. असा अस्सल छाप मर्यादित संख्येने निघतो, खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही असते, आणि त्याचे मोल त्याप्रमाणे असते. उलट तैलचित्राचा फोटो घेऊन यंत्रावर काढलेली प्रत ही कितीही सुबक असली तरी प्रत आहे, आणि माझ्या भिंतीवरचे ‘इम्प्रेशन’ या दुसऱ्या वर्गात मोडते हे मी लपवीत नाही. दोहोंतही लज्जास्पद काही नाही. पहिल्याच्या नावावर दुसरे विकणे मात्र लज्जास्पद आहे.

मधली एक अवस्थाही आहे, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटते. आंरी मातीस याने मोठ्या आजारपणानंतर, ब्रश हाती धरण्याऐवजी रंगविलेले कागद कात्रीने कापून रचलेली वीस चित्रे तेरियाद या प्रकाशकाने 1947 मध्ये पॅरिसला ‘जॅझ’ या नावाने प्रसिद्ध केली. चित्रांत वाजंत्री नाहीत. पुष्कळसे विषय सर्कशीचे आहेत, आणि नाव पडले ते कात्रीच्या उत्स्फूर्त चालीमुळे. छपाईसाठी मातीसने वापरलेलेच रंग पत्र्याच्या कोरीव साच्यांतून हाताने भरले गेले. यापेक्षा इमानी छपाई कल्पिता येणार नाही. आणि तरीही मातीस नाराज राहिला. त्याच्या मूळ कागदांना जाडी होती, एकावर एक बसलेल्या कडांना किंचित सावली होती, हाताने लावलेल्या रंगाचा श्वास होता, आणि छापात ते सारे सपाट झाले असे त्याला वाटले. जगाने त्या छापांना डोक्यावर घेतले, हे खरे. पण निर्मात्याची नाराजीही खरी आहे, आणि घरात छाप लावणाऱ्याने ती ठाऊक करून घ्यावी.

हा सारा मजकूर परदेशाचा झाला, अशी शंका येथे कोणी काढील. तर 1922 च्या अखेरीस कलकत्त्यास जे प्रदर्शन भरले त्यात कँडिन्स्की आणि क्ले यांची कागदावरची चित्रे वायमारच्या बाउहाउस शाळेतून येऊन टांगली गेली होती, म्हणजे हा माल तेव्हाच हिंदुस्थानच्या जकातनाक्यावरून पार झाला. त्यानंतर एक पिढी गेल्यावर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून 1948 मध्ये बाहेर पडलेल्या वासुदेव गायतोंडे यांना ज्या परदेशी चित्रकाराचे विशेष आकर्षण वाटले तो क्लेच होता. नागपुरास जन्मलेला हा मितभाषी मनुष्य आपल्या चित्रांना अमूर्त म्हणूनही घेत नसे. वस्तूचा संबंधच नसलेली ती चित्रे, एवढेच त्याला मान्य होते. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत त्यांची काम करण्याची खोली होती; त्याच वास्तूत रविशंकरांचे संगीतविद्यालय भरे आणि अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. भिंतीपलीकडून सतार आणि अलीकडे रंग लावून तासन्‌तास नुसते पाहत बसलेला चित्रकार, असे चित्र मनात उभे राहते. ‘‘अमुक चित्र अमुक रागावरून’’ असे मात्र कोणी म्हणू नये. गायतोंड्यांनी तसा पुरावा मागे ठेवलेला नाही, आणि तो नसल्याचे मला समाधानच आहे.

राहता राहिला घराचा प्रश्न. संग्रहालयात आपण चित्रापुढे उभे राहतो आणि पुढे जातो. घरात चित्र आपल्यापुढे उभे राहते आणि जात नाही. दिवेलागणीला, दूध उतू जात असताना, पोरांच्या भांडणात, कोणी आजारी असताना, ते तेथेच असते, आणि बहुतेक वेळ आपण त्याच्याकडे पाहत नसतो. तंबोऱ्याकडे तरी मैफलीत कोण लक्ष देऊन ऐकतो? म्हणून माझी शिफारस अशी की छाप असा निवडावा जो पहिल्या भेटीत सर्व सांगून टाकीत नाही, आणि सोफ्याच्या खोळीशी रंग जुळतो या सबबीवर तर मुळीच निवडू नये. तो बसलेल्या माणसाच्या दृष्टीच्या किंचित वर असावा, पश्चिमेच्या उन्हाच्या तोंडी नसावा, आणि कागद व काच यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी, नाहीतर मृगाच्या पहिल्या सरींबरोबर कागद काचेला चिकटतो. कोकणात अथवा गोव्यात घर असल्यास बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर तो लावूच नये. लावलाच तर चौकटीच्या पाठीस कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठोकून हवा खेळती ठेवावी. बुरशीला शोनबर्ग आणि भजन सारखेच.

माझ्या छापास चौकट करून देणाऱ्या गल्लीतल्या कारागिराने, वरची बाजू कोणती हे न विचारता, आपल्या समजुतीने कडी मारली, आणि ते ‘इम्प्रेशन’ पुरा पंधरवडा माझ्या भिंतीवर आडवे लटकत होते. मला ते कळले नाही असे नाही, पहिल्याच संध्याकाळी कळले. परंतु पिवळा आता वरून खाली कोसळत होता, पियानोचा पियानोपणा पार नाहीसा झाला होता, आणि उतरवावयास हात होईना. पुढे कँडिन्स्कीच्या आठवणींत वाचले की म्युनिकला एका तिन्हीसांजेस तो आपल्या खोलीत शिरला तेव्हा भिंतीशी टेकलेले एक अवर्णनीय सुंदर चित्र त्याला दिसले, ज्यात कोणतीच वस्तू ओळखू येईना. जवळ जाऊन पाहतो तो ते त्याचेच चित्र, चुकून एका कुशीवर ठेवलेले. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याने तो अनुभव पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न केला, तो निम्माच साधला. आडव्या चित्रातही आता त्याला वस्तू ओळखू येऊ लागल्या होत्या. माझेही तसेच झाले. पंधराव्या दिवशी आडव्या पियानोचे झाकण मला दिसले, आणि मी चौकट घेऊन पुन्हा त्या कारागिराकडे गेलो. त्याने कडी काढली नाही. दुसऱ्या बाजूस आणखी एक मारून दिली.